धारजाई कोणत्या प्रकारात?

धारजाई ही प्रवासी आहे की सामान, हा प्रश्न आजवर कुणालाही पडला नव्हता. कीर्तनकारांना नाही, कोर्टाला नाही, आणि देवस्थानच्या विश्वस्तांना तर कुठलाच प्रश्न पडत नसे. तो पडला आत्याबाईला.

आत्याबाई म्हणजे बाई नव्हे. सरकारी कागदोपत्री तिचं नाव 'तपासनीस'. माणसं वर उचलणारं कुठलंही यंत्र असो, लिफ्ट असो, जत्रेतला आकाशपाळणा असो की रोपवे, त्याचा प्रोग्राम तिच्या हाताखालून गेल्याशिवाय त्याला वीज जोडायची नाही, असा कायदा होऊन काही वर्षं झाली होती. प्रोग्रामर मंडळी तिला आत्याबाई म्हणू लागली त्यालाही कारण होतं. लग्नघरात एखादी आत्या "आणि ऐनवेळी भटजीच आले नाहीत तर?" असं विचारत फिरते आणि उत्तर मिळाल्याशिवाय पानावर बसत नाही, तशीच ही. फरक इतकाच की हिची समजूत काढायला कुणी मामा धाडता येत नाही.

सारिका गुरव हिची ही आत्याबाईशी अकरावी गाठ. पुण्याच्या एका कंपनीत ती रोपवेचे प्रोग्राम लिहायची. धारजाईच्या डोंगराचं काम आपल्याला अनुभवामुळे मिळालं, असं तिचं मत होतं. गावकऱ्यांशी बोलायला गावचंच कुणीतरी असलेलं बरं, असं कंपनीचं मत होतं. धारजाईचे पुजारी महिपती गुरव हे तिचे वडील.

आत्याबाईची रीत समजायला सोपी, पचायला जड. साध्या प्रोग्रामिंगमध्ये प्रत्येक वस्तूला एक प्रकार असतो, म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. चिठ्ठीवर 'लाडू' लिहिलं असेल तर आत चिवडा निघणार नाही, एवढीच हमी. नव्या भाषेत चिठ्ठीवर आकडाही येतो: 'सहा लाडू'. तो आकडा नुसता शोभेला नसतो, तो प्रकाराचाच भाग असतो. एक लाडू काढला की हातात राहतो तो 'पाच लाडू' या वेगळ्याच प्रकाराचा डबा, आणि रिकाम्या डब्यातून लाडू काढायची सूचना तर लिहूच देत नाहीत. सारिकाच्या प्रोग्राममध्ये डब्याच्या जागी पाळणा होता आणि लाडवांच्या जागी माणसं. 'तीन जीव असलेला पाळणा' हाती घेणाऱ्या सूचनेने 'जमिनीवर पोचलेले तीन जीव' परत द्यायलाच हवेत. अडीच चालत नाहीत. आणि हे यंत्र चालवून, माणसं लटकवून बघायचं नसतं. भूमितीतल्या सिद्धतेसारखं ते आधीच पक्कं होतं.

दुसरी रीत शक्यतांची. समोर आलेली गोष्ट ज्या ज्या रूपात येऊ शकते ती सगळी रूपं मांडायची आणि प्रत्येकापुढे काय करायचं ते लिहायचं. एक रूप राहिलं की आत्याबाई दार अडवून उभी. "हे होणारच नाही," असं म्हणालात तर ती म्हणते, सिद्ध करा. 'इतर' हा शब्द तर कायद्यानेच बाद केला होता. ज्या राज्याचा निम्मा कारभार 'व इतर तत्सम बाबी' एवढ्यावर चालत आला, त्या राज्याने हा कायदा करावा, याचा अर्थ तो वाचून कुणी केला नसावा.

धारजाई दर चैत्रात डोंगरावरून पायथ्याच्या गावी माहेरी येते. येते म्हणजे गुरव तिचा मुखवटा छातीशी शेल्याने बांधून घेऊन येतो. यंदा महिपती गुरवांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता आणि रोपवे नेमका तयार होत होता. देवीच पहिली स्वारी करील, असं देवस्थानचे अध्यक्ष जालिंदर फडतरे यांनी परस्पर जाहीर केलं. शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी ठेवली. मग सारिकाने विश्वस्तांची सभा मागितली.

"देवीला सामान म्हणालात तर आम्हाला गावात तोंड दाखवता यायचं नाही, सारिकाताई," फडतरे म्हणाले.

"मग प्रवासी लिहिते. वय?"

"वय कशाला?"

"बारा वर्षांखालच्या प्रवाशाबरोबर मोठं माणूस लागतं. वय लिहावंच लागतं."

"सातशे," एक विश्वस्त म्हणाले.

"अनादि," दुसरे म्हणाले.

"अनादि हा आकडा नाही, काका."

"सातशेच धरा हो," पहिले म्हणाले. "ज्येष्ठ नागरिकाची सवलत तरी मिळेल."

शेवटी सारिकाने प्रवासी आणि सामान यांच्या शेजारी 'देवी' असा तिसरा प्रकार घातला. इथेच खरी गंमत होती. ज्या ज्या ठिकाणी प्रोग्राम 'प्रवासी असेल तर हे, सामान असेल तर ते' असं म्हणत होता, त्या प्रत्येक ठिकाणी आता एक शक्यता उघडी पडली. काल पास झालेला प्रोग्राम आज शंभराच्या वर ठिकाणी नापास. देवीला चक्कर आली तर? देवीने चालू पाळण्याचं दार उघडलं तर?

"मुखवट्याला हात नाहीत, म्हणून हे अशक्य, अशी सिद्धता देते," सारिका म्हणाली.

"हात नाहीत कसे?" अनादिवाले काका उठून उभे राहिले. "अष्टभुजा आहे ती!"

"मूर्तीला आठ आहेत, काका. ती वरच राहते. मुखवट्याला एकही नाही."

काका बसले, पण ते त्यांना लागलं.

असं करत करत सगळ्या शक्यता मिटल्या. एक उरली. पाळणा मधेच अडकला तर त्याच्या तळातलं दार उघडून झोळीतून एकेकाला खाली सोडायचं. त्यात आधी कोण?

"बघू की तेव्हा," फडतरे म्हणाले, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर शांती पसरली. 'बघू' हा आपल्याकडचा सर्वांत भक्कम प्रकार. त्यात लग्न, रस्ते, औषधपाणी, धरणं, सगळं मावतं. फक्त आत्याबाईला तो माहीत नव्हता.

"बघू चालत नाही, नाना. आत्ता सांगावं लागतं."

"मग पाळणा अडकणारच नाही, असं लिहा."

"लिहिता येतं. त्याला गृहीतक म्हणतात. सिद्धता नसली तरी तपासनीस ते मानते, फक्त खाली जबाबदार माणसाचं नाव घालावं लागतं."

"घाला की मग!"

"तुमचं घालू?"

फडतरे पाणी प्यायले. मग ते उभे राहिले, आणि उभं राहिल्यावर त्यांना नेहमी सुचायचं तसं सुचलं. "देवी आधी! मग माणसं! करा ठराव!" टाळ्या पडल्या. ठराव एकमताने झाला.

"आणि माणसांत कोण आधी?" सारिकाने विचारलं.

"ते किरकोळ तुम्ही बघा," फडतरे म्हणाले.

ते किरकोळ बघायला ती घरी गेली. तिचे वडील, आबा, पडवीत पत्रावळ्या टाचत बसले होते. प्लास्टिकवर बंदी आल्यापासून त्यांच्या पत्रावळ्यांना पुण्याहून मागणी होती आणि ते ती बाणेदारपणे नाकारत होते.

"आबा, पाळणा अडकला तर देवीमागोमाग तुम्ही उतरायचं."

"मी शेवटी."

"का?"

"गाभाऱ्यातनं गुरव शेवटी निघतो. देवी जाती, माणसं जात्यात, मग दिवा बघून, दार वढून गुरव."

"तो गाभारा नाही, पत्र्याचा डबा आहे."

"ती बसली की गाभाराच."

"आणि वारा वाढला? बॅटरी उतरली?"

"मग बसंन तिथंच." त्यांनी एक काडी दातांनी तोडली. "खाली जायची मला कुठं घाई हाय? तुझी आई हुती तवर ठीक हुतं. वाट बघणारं माणूस हुतं."

हे ते अशा सुरात बोलले, जणू उद्या बहुतेक ढग येतील असं सांगत होते. सारिकाने चहाचा कप खाली ठेवला. आबा उगाच बोलत नसत, आणि बोललेलं विसरतही नसत. तिचा प्रोग्राम जीव मोजू शकत होता, झोळी नेऊ-आणू शकत होता, पण कुणाला ढकलून झोळीत बसवू शकत नव्हता. 'माणूस उतरायला तयार नाही' ही शक्यता मांडलेली होती, आणि त्यापुढे नियमातच काय करायचं ते ठरवून दिलं होतं: समजूत घालावी. नियम करणाऱ्याची आबांशी ओळख नसणार.

पुण्याला परतल्यावर तिने 'देवी' हा प्रकार खोडला आणि त्याजागी एक जोडी लिहिली. साधी जोडी नव्हे. हिच्या दुसऱ्या भागाचा प्रकार पहिल्यावर अवलंबून असतो: देवी, आणि त्याच देवीला अंगावर बांधलेला वाहक. मुखवट्यात आणि वाहकाच्या शेल्यात यंत्राला ओळखू येणारे बिल्ले, झोळीत वजनकाटा. आता या भाषेत नुसती देवी बनवताच येईना. चिठ्ठी लिहायलाच जागा नाही म्हटल्यावर तसला डबाही नाही. 'देवी आधी की आबा आधी' हा प्रश्न सुटला असं नव्हे, तो विचारायची सोयच उरली नाही. आत्याबाईने दोघांचं मिळून वजन झोळीला पेलतं याची तेवढी सिद्धता मागितली. ती देण्यासाठी चांदीची प्रभावळ डोंगरावर ठेवायचं ठरलं. मग आत्याबाईने आणखी काहीही न विचारता प्रोग्राम पास केला. अकरा वेळांत असं पहिल्यांदाच झालं.

यंत्रांचं बघणारा इम्तियाज मुजावर तिच्या खांद्यावरून वाचत होता.

"भारी आहे, मॅडम. म्हणजे देवी आधी म्हणजे आबा आधी. आणि फडतरे..."

"ठराव त्यांचाच आहे."

"आबांना विचारलं?"

"ठरावात बसतं ते."

"मी ते नाही विचारलं."

"विचारते," सारिका म्हणाली, आणि तिने विचारलं नाही.

चैत्रातल्या त्या सकाळी पायथ्याशी हलगी, सनई आणि तीन चॅनेलवाले होते. पाळणा वरून निघाला. आत आबा, आबांच्या छातीशी धारजाई, समोर पांढऱ्या बुटांत फडतरे, काचेला नाक लावून हात हलवत. दरीच्या मध्यावर वाऱ्याचा एक झोत आला, दोर चाकावरून घसरला, ब्रेक लागले, आणि पाळणा उभा राहिला. उभा म्हणजे हवेत. जे होणार नव्हतं ते झालं, आणि ज्या गृहीतकाखाली नाव घालायला कुणी तयार नव्हतं ते न लिहिल्याचा फायदाही तेव्हाच झाला. पाळण्याच्या तळातलं दार आपोआप उघडलं, झोळी तयार झाली. खाली उतारावर सारिका आणि इम्तियाज धावत पोचले.

"सारिकाताई!" वॉकीटॉकीवर फडतऱ्यांचा आवाज आला. "हे काय? टीव्हीवाले बघतायत!"

"बसून राहा, नाना. सगळे खाली येणार. आबा, शेला आवळा आणि झोळीत बसा."

"मी कसा? ठराव देवी आधी असा हाय."

"हो. देवी तुमच्यासकट."

"कुणी ठरवलं हे?"

"मी."

दुर्बिणीतून इम्तियाजला दिसलं, म्हाताऱ्याने शेला सोडला, मुखवटा कपाळाला लावला आणि झोळीत अलगद ठेवला. झोळी हलली नाही. लाल दिवा लागला नाही, भोंगा वाजला नाही. कुणीतरी अर्धं वाक्य बोलावं आणि ऐकणाऱ्याने पुढच्या शब्दाची वाट बघत राहावं, तसं यंत्र राहिलं.

"सारे, बंद पडलं तुझं यंत्र."

"बंद नाही पडलं, आबा. तुमची वाट बघतंय."

"व्हा बाजूला, मी बसतो!" फडतरे ओरडले. देवीला मांडीवर घेऊन ते झोळीत बसले. झोळी तशीच. "ताई, मी बसलोय!"

"दिसतंय. तुम्ही वाहक नाही, नाना. आणि एकटे बसायचं तर देवी आधी. तुमचा ठराव."

"मी ठराव रद्द करतो!"

"त्याला सभा बोलवावी लागेल. सात दिवसांची नोटीस."

इम्तियाजने खिशातून किल्ली काढली. कायद्याने एक पळवाट ठेवली होती: दोघांनी दोन किल्ल्या एकदम फिरवल्या की प्रोग्राम बाजूला होतो आणि झोळी माणसाच्या हुकमाने चालते. दुसरी किल्ली सारिकाच्या गळ्यात होती.

"वारा वाढतोय, मॅडम. फिरवू या. देवी येईल, फडतरे येतील, मग आबा."

"आबा येणार नाहीत."

"येतील हो."

"तू त्यांना ओळखत नाहीस."

वरून आवाज आला. "किल्ल्या हायत तुमच्याकडं. इम्तियाजनंच सांगितलं हुतं मला. फिरव, सारे."

सारिकाने किल्ली मुठीत धरली. खाली अख्खं गाव जमलं होतं. अनादिवाले काका हात जोडून तिच्याकडे बघत होते, हात बहुधा तिला जोडलेले नव्हते.

"नाही."

"बाप सांगतोय."

"ऐकतेय."

"देवीला वाऱ्यात टांगून ठेवलीस तू."

"शेला बांधा, लगेच निघते ती."

"मला इचारलं न्हाईस."

"विचारलं असतं तर?"

"न्हाई म्हणलो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं." तिचा आवाज फाटला, तो तिने पुन्हा जागेवर आणला. "चुकलंच माझं. खाली या आणि तोंडावर भांडा. तिथून वॉकीटॉकीवर काय भांडता? वाट बघणारं कुणी नाही म्हणता ना? मग मी इथे उन्हात काय करतेय?"

पाळणा वाऱ्याने एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे. फडतरे मोठ्याने स्तोत्र म्हणत होते आणि दुसऱ्याच ओळीत अडकत होते. इम्तियाज किल्लीकडे बघत होता, सारिका पाळण्याकडे. मग झोळीचा दोर ताणला गेला आणि यंत्राची बारीक, एकसुरी घरघर सुरू झाली. ती ऐकूनच सारिकाने किल्लीवरची मूठ सोडली. दोघं एकत्र बसल्याशिवाय तो आवाज येऊच शकत नव्हता. हे तिने स्वतःच सिद्ध केलं होतं, पण सिद्ध केलेलं खरं ठरताना बघायची तिला सवय नव्हती.

आबांचे पाय गवताला लागले. छातीशी धारजाई, शेल्याला दोन गाठी. सारिकाने पट्टे सोडले. ते तिच्याकडे न बघता उभे राहिले. "चांगभलं!"चा गजर झाला, हलगी पेटली. रिकामी झोळी पुन्हा वर निघाली.

"चला, आबा," काका पुढे झाले. "माहेरच्या ओटीची वेळ टळतीय."

"थांबा."

"आता कशाला?"

"जालिंदर आल्याबिगर ती हलत न्हाई."

"असं कुठे असतं?" काका म्हणाले. "असा काही नियम नाही!"

आबांनी आता पहिल्यांदा लेकीकडे बघितलं. राग तिथंच होता, जागचा हलला नव्हता.

"तुझ्या यंत्रात लिवलंय का काय? खाली आलेल्यानं पुढं काय करायचं ते?"

"नाही, आबा. जमिनीला पाय लागले की ते मोजतं आणि सोडून देतं."

"मग येवढं तरी माझ्याकडं राहिलं."

त्यांनी शेला नीट केला, पाय रोवले आणि मान वर केली. पाळण्याच्या तळातून अध्यक्षांचे पांढरे बूट बाहेर आले, जरा लोंबकळले आणि पुन्हा आत गेले. आबांनी तोंडाशी हात धरला. त्यांचा आवाज हलगीच्या वर चढला.

"ये रं जालिंदर, बस त्यात! काय हुत न्हाई! माझ्या पोरीचं यंत्र हाय!"